अगाथा ख्रिस्तीचं 'पोस्टर्न ऑफ फेट' : लाडक्या लेखिकेचं शेवटचं पुस्तक वाचावं का?

पानगळ

टॉमी आणि टपेन्स ही ख्रिस्तीची गुप्तहेर नवरा-बायको, माझी शाळेपासूनची लाडकी जोडी. तिच्या दुसऱ्या गुप्तहेरांपैकी प्वारोची हुशारी मान्य, मिस मार्पलचा चाणाक्षपणा मान्य, पण गप्पा मारत बसावं तर या दोघांशीच. १९२२ साली 'द सीक्रेट अॅडव्हर्सरी'मध्ये ती पहिल्यांदा भेटतात तेव्हा दोघांच्या वयांची बेरीज पंचेचाळीसही भरत नाही. महायुद्ध संपलंय, खिशात पैसे नाहीत, काम मिळत नाहीये. प्वारो आयुष्यभर उतारवयाचाच राहिला, या दोघांना मात्र ख्रिस्तीने वाचकांबरोबर वाढू दिलं. १९४१ च्या 'एन ऑर एम?'मध्ये त्यांची मुलं मोठी झालेली असतात आणि 'आम्हालाही युद्धात काहीतरी काम द्या' म्हणून दोघं हटून बसतात. १९६८ च्या 'बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्स'मध्ये केस पिकलेले असतात.

म्हणून १९७३ चं 'पोस्टर्न ऑफ फेट' मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांत फॉन्टानाची प्रत मिळाली आणि राहवलं नाही.

सुरुवात काय सुरेख आहे! दोघं म्हातारपणी एका जुन्या घरात राहायला आलेली. आधीच्या मालकांनी मागे ठेवलेली लहान मुलांची पुस्तकं टपेन्स फळ्यांवर लावत बसलीय, आणि लावता लावता वाचतच बसलीय. स्टीव्हन्सनच्या 'द ब्लॅक अॅरो'त तिला मधल्याच कुठल्यातरी अक्षरांखाली रेघा दिसतात. ती अक्षरं एकापुढे एक मांडत जाते आणि निरोप तयार होतो : मेरी जॉर्डनला नैसर्गिक मरण आलेलं नाही, हे आपल्यातल्याच कुणाचं तरी काम आहे. अंगावर काटा आला.

आणि त्यानंतर? काही म्हणजे काही नाही. टपेन्स गावातल्या एका बाईला भेटते, घरी येऊन टॉमीला सगळं सांगते. टॉमी लंडनला कुणालातरी भेटतो, येऊन टपेन्सला सगळं सांगतो. मग दोघं मिळून तेच पुन्हा बोलतात. म्हातारा माळी आयझॅक मारला जातो, तरी कुणाला फारसं काही वाटत नाही. जिने पानापानावर पेरलेला धागा शेवटच्या प्रकरणात अचूक उचलून दाखवला, तिच्या हातून हे व्हावं?

दोन प्रश्न आहेत. लाडक्या लेखकाचं सगळं वाचायचा हट्ट धरावा का? आणि हे पुस्तक असंच छापायला नको होतं, असं तुम्हालाही वाटतं का? कृपया मारेकरी कोण ते लिहू नका, अजून न वाचलेलेही इथे आहेत.

रद्दीप्रेमी

अगदी अगदी! मी दोनदा सुरू करून दोन्ही वेळा अर्ध्यात सोडलं. 'द ब्लॅक अॅरो'चा प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. तेवढीच दीर्घकथा केली असती तर सोनं झालं असतं.

टेकडीवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : अजिबात धरू नये. आयुष्य एवढं मोठं नाही.

दुसऱ्याबद्दल माझं मत कडक आहे. घसरण 'पोस्टर्न'पासून सुरू झालेली नाही. १९७० चं 'पॅसेंजर टू फ्रँकफर्ट' आठवा. लेखिकेची ऐंशी वर्षं आणि ऐंशीवं पुस्तक असा गाजावाजा करून आणलं आणि धो धो खपलं. कथानक कुठे सुरू होतं, जगभरातली तरुण पोरं कुणाच्या सांगण्यावरून दंगे करताहेत, ते शेवटपर्यंत धड कळत नाही. नाव मुखपृष्ठावर असलं की आत काहीही चालतं, हे प्रकाशकाला तेव्हाच कळलं. 'पोस्टर्न' हा त्याच हिशेबाचा पुढचा आकडा. लेखिकेबद्दल मला राग नाही. तिला थांबवू शकत होते आणि थांबवलं नाही त्यांच्याबद्दल आहे.

अर्धविराम

इथे एका संशोधनाची आठवण करून देतो. टोरांटो विद्यापीठातले इयन लँकशर आणि ग्रॅम हर्स्ट यांनी २००९ मध्ये ख्रिस्तीच्या डझनाहून अधिक कादंबऱ्या संगणकावर तपासल्या, अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपासून थेट 'पोस्टर्न'पर्यंत. एकूण किती वेगवेगळे शब्द वापरलेत, तीच शब्दावली पुन्हा पुन्हा किती येते आणि 'काहीतरी', 'ती गोष्ट', 'कसलंसं' असे मोघम शब्द किती येतात, हे त्यांनी मोजलं. उतारवयात शब्दसंग्रह आकसत जातो आणि मोघम शब्द वाढत जातात, असं दिसलं. १९७२ च्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'मध्ये तर साठीच्या सुरुवातीला लिहिलेल्या पुस्तकाच्या तुलनेत शब्दांची विविधता सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आहे. स्मृतिभ्रंशाची ही चिन्हं असावीत, असा त्यांचा अंदाज आहे.

आता याच नजरेने 'एलिफंट्स' पुन्हा उघडा. बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा एका जोडप्याचा मृत्यू. प्वारोची मैत्रीण मिसेस ऑलिव्हर एकेका वृद्ध ओळखीच्या माणसाकडे जाते आणि कुणालाच नीट काही आठवत नाही. कुणी साल चुकवतं, कुणी माणूस चुकवतं. सगळी कादंबरीच आठवणीच्या शोधात फिरते. ख्रिस्तीला आपलं काय होतंय ते उमगलं असावं आणि तिने त्याचंच रहस्य रचलं असावं, असं मला फार तीव्रतेने वाटतं.

ओपीडीनंतर

अर्धविराम, प्रतिसाद उत्तम, पण पेशाने डॉक्टर असल्यामुळे थोडा लगाम घालतो. ख्रिस्तीच्या हयातीत असं कोणतंही निदान जाहीर झालेलं नाही. पुस्तकं तपासून मृत व्यक्तीला आजार चिकटवणं धोक्याचं. शब्दसंग्रह आकसण्याची कारणं अनेक असतात : थकवा, नैराश्य, ऐकू कमी येणं, हृदयाचा त्रास, औषधं. शिवाय लिहिण्याची रीत बदलली तरी भाषा बदलते. अभ्यासकांनीही 'असावं' असंच म्हटलंय. तो 'असावं' वर्तमानपत्रांच्या मथळ्यात येईपर्यंत गळून पडला.

दुसरं असं, की स्मृती ढासळू लागलेल्या माणसाने दोनशेच्या वर पानांची, पात्रांची नावं बऱ्यापैकी सांभाळणारी कादंबरी पुरी करणं, हेच मला थक्क करतं.

शिसेखिळा

लिहिण्याच्या रीतीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी सदाशिव पेठेतल्या छापखान्यांत आणि प्रकाशकांकडे उभा जन्म मुद्रितं तपासली. १९५२ साली ख्रिस्तीचं मनगट मोडलं आणि तेव्हापासून ती डिक्टाफोनवर, म्हणजे बोलणं टिपून घेणाऱ्या यंत्रावर, सांगून लिहू लागली. 'पोस्टर्न' वाचताना मला ते पानोपानी ऐकू येत होतं.

हाताने लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे मागची ओळ असते. बोलणाऱ्याच्या पुढे काही नसतं. चहा येतो, कुणी दार वाजवतं, आणि पुन्हा सुरू करताना तो दोन वाक्यं मागे जातो, धागा हाती यावा म्हणून. ती दोन वाक्यं टंकलेखक इमानाने टाइप करतो. 'तर मी काय म्हणत होते' हेसुद्धा कुठल्यातरी पात्राच्या तोंडी जातं. टॉमी-टपेन्स एकमेकांना पुन्हा पुन्हा सगळं सांगतात ना, त्यातलं निम्मं ख्रिस्ती स्वतःला आठवून देत होती, असं मला वाटतं.

असं एक काम माझ्या हातून गेलंय. एक फार मोठे लेखक, दृष्टी अधू झालेली, लेखनिकाला सांगून कादंबरी लिहिलेली. गॅली, म्हणजे तपासायची कच्ची मुद्रितं, आल्या. एकाच गॅलीत नायिका दोनदा विधवा झाली होती, आणि दोन्ही वेळा पहिल्यांदाच. मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकलं. असं करत करत प्रश्नचिन्हांनी समास भरले. प्रकाशक गॅली घेऊन लेखकांच्या घरी गेले, परत आले आणि माझ्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने एकेक प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं. म्हणाले, 'मला विचारवलं नाही हो. ते इतके खुशीत होते.' पुस्तक तसंच निघालं. परीक्षणं फार वाईट आली.

त्या प्रकाशकाला पैसे कमवायचे नव्हते, टेकडीवाला. त्याला धीर झाला नाही.

टेकडीवाला

शिसेखिळा, प्रसंग चटका लावणारा आहे. तरी मी माझं म्हणणं सोडत नाही. धीर होणं हेच तर संपादकाचं काम. आपल्याकडे मौज प्रकाशनाच्या श्री. पु. भागवतांनी भल्या भल्या लेखकांना हस्तलिखितावर पुन्हा काम करायला लावलं आणि त्या लेखकांनी जन्मभर त्यांचे आभार मानले. लेखक मोठा झाला की त्याला संपादक लागत नाही, ही समजूत लेखकाचाच घात करते. लेखक खुशीत होता तो चार दिवस. परीक्षणं आल्यावर त्याचं काय झालं, तेही सांगा.

शिसेखिळा

त्यांना ती वाचून दाखवली गेली नाहीत.

प्रभात_रोडच्या_काकू

मी जरा वेगळं सांगते, सगळ्यांनी ऐकून घ्या.

'पोस्टर्न'मध्ये घरामागे एक पडकी काचघरवजा खोली आहे. तिला 'केके' म्हणतात. त्यात धूळ खात पडलेला मॅथिल्ड नावाचा डोलणारा लाकडी घोडा आहे आणि ट्रूलव्ह नावाची मुलांची घोडागाडी. टपेन्स, सत्तरी ओलांडलेली बाई, त्या गाडीत बसून उतारावरून खाली येते आणि झुडपात जाऊन पडते. रहस्यकथा म्हणून वाचणाऱ्याला वाटतं, हे काय मधेच!

आता ख्रिस्तीचं आत्मचरित्र काढा. तिच्या मृत्यूनंतर १९७७ साली आलेलं. टॉर्कीतल्या 'अॅशफील्ड'मध्ये, तिच्या माहेरच्या घरात, केके आहे, मॅथिल्ड आहे आणि ट्रूलव्हही आहे. तीच नावं! ते घर पुढे विकलं गेलं आणि पाडलं गेलं. तिने ते पुन्हा बांधलं ते या कादंबरीत, आणि आपल्या सगळ्यांत आनंदी नायिकेला तिथे राहायला पाठवलं. टपेन्स जी पुस्तकं कवटाळून बसते, मिसेस मोल्सवर्थची 'द ककू क्लॉक' वगैरे, ती सगळी अगाथाच्या लहानपणची. पुस्तकाची अर्पणपत्रिकाही कुत्र्याला आणि त्याच्या मालकाला आहे.

मी हे पुस्तक तरुणपणी फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून आणलं होतं आणि वैतागून दुसऱ्या दिवशी परत केलं होतं. आत्मचरित्रानंतर पुन्हा वाचलं तेव्हा खून बाजूला पडला आणि घर दिसायला लागलं. माझंही माहेर आता उरलेलं नाही. वाड्याच्या जागी सात मजले उभे आहेत. मला विचाराल तर तिने रहस्यकथा लिहायला घेतलीच नव्हती. तिला त्या खोलीत जायचं होतं, आणि पन्नास वर्षं लोकांनी तिच्याकडून एकच वाट मागितली होती, म्हणून ती त्या वाटेने गेली.

मिसळ_एक्स्ट्रा_पाव

काकू, साष्टांग नमस्कार. 

टॉमी-टपेन्सच्या हॅनिबल कुत्र्याचा उल्लेख आल्याबद्दल विशेष आभार. संपूर्ण पुस्तकात तपास फक्त तोच करतो. पुढची कादंबरी त्याच्यावरच हवी होती, शंभर टक्के खपली असती.

रद्दीप्रेमी

हॅनिबलला +१००. काकू, केकेचं ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा सुरू करतो.

अर्धविराम

काकूंच्या प्रतिसादाला जोडून : नावही पाहा. 'पोस्टर्न ऑफ फेट' हे शब्द जेम्स एलरॉय फ्लेकरच्या दमास्कसच्या वेशींवरच्या कवितेतले आहेत. ख्रिस्तीचा नवरा मॅक्स मॅलोवन पुरातत्त्वज्ञ, सीरिया-इराकमधल्या उत्खननांत तिने वर्षानुवर्षं काढलेली. म्हणजे पुस्तकाच्या नावात तिचा संसार आणि पुस्तकाच्या पोटात माहेर.

पानगळ

काकू, तुमचा प्रतिसाद काल रात्रीपासून डोक्यात घोळतोय. मॅथिल्डचं पान मी पुन्हा काढून वाचलं. तिच्या पोटातल्या भोकात टपेन्स हात घालून चाचपडते, तो सगळा भाग जिवंत आहे हे खरंच. गंमत म्हणजे पहिल्या वाचनातही तिथे मी रेंगाळले होते.

पण मग माझी तक्रार आणखीच वाढते. हे जर कुणाला दिसलं होतं, तर 'टॉमी-टपेन्सचं नवं थरारक रहस्य' म्हणून विकायचं कशाला? दोन पानी प्रस्तावना घालायची, की हे घर लेखिकेचं आहे. वाचक तयारीने आत गेला असता. मी खुनाचा माग काढत बसले आणि घर हातचं सुटलं.

जुन्या_बाजारातून

थोडं अवांतर. दरवर्षी नाताळाला ख्रिस्तीचं नवं पुस्तक हवंच, ही तिकडची रीत होती, जाहिरातीच तशा असायच्या. आपल्याकडे दिवाळी अंकाची कथा लेखकाच्या मानगुटीवर बसते तसलंच. ऑगस्ट आला की फोन सुरू : 'सर, यंदा द्यायचीच आहे.' वाचकाच्या प्रेमाचाही त्यात वाटा असतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या काही एकट्याच्या हौसेने नव्हेत. वाचनालयांत लोक नवीन पुस्तकाची वाट बघत उभे असायचे. 'का थांबवलं नाही' असं विचारताना आपण रांगेत पहिले होतो, हेही धरावं लागेल.

निशिगंध_कर्वेनगर

मी सहसा लिहीत नाही, पण आज राहवत नाहीये.

माझी आई शाळेत इंग्रजी शिकवायची. ख्रिस्ती तिच्यामुळेच घरात आली. गेल्या काही वर्षांत तिची आठवण फार कमी झालीय. वाचण्याची भूक मात्र गेली नाही. प्वारोची पुस्तकं मी वाचून दाखवायला घेतली तर ती चिडायची, कारण संशयित आठ-नऊ, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि कालचं प्रकरण आज पुसलेलं. 'हा कोण?' असं विचारायचीही तिला लाज वाटायची. शेवटी पुस्तक मिटवायला सांगायची.

मग 'पोस्टर्न' हाती लागलं. टपेन्स टॉमीला सगळं पुन्हा सांगते, की आईलाही सगळं पुन्हा कळतं. कुणी नवीन आलं की ते कोण, हे दोघं आपसात बोलून घेतात. आई खुर्चीत पुढे सरकून ऐकते. मधेच माझ्या आधी बोलते, 'मेरी जॉर्डन!' म्हणून. तुम्ही जे दोष म्हणून लिहिलेत ना, त्या प्रत्येकाला धरून आमची संध्याकाळ पुढे सरकते.

छापायला नको होतं असं कृपा करून म्हणू नका.

ओपीडीनंतर

निशिगंध, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. अशा रुग्णांच्या घरच्यांना मी जुनी गाणी, फोटो सुचवतो. हे पुस्तकही सुचवेन.

टेकडीवाला

निशिगंधताई, आईंना नमस्कार सांगा. तुमच्या घरी त्या पुस्तकाने जे दिलंय त्यापुढे माझ्या मताची काय किंमत.

तरीही कादंबरी म्हणून मोजायची वेळ आली की मी तिला पडलेलीच म्हणेन, आणि ती ख्रिस्तीच्याच मापाने. १९६७ चं 'एंडलेस नाइट' तिने पंच्याहत्तरी उलटल्यावर लिहिलंय. कामगार वर्गातला विशीतला पोरगा स्वतः गोष्ट सांगतोय, आणि एकही सूर खोटा लागत नाही. म्हणजे 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडून देणं हा तिचाच अपमान आहे. वय झाल्यावरही ती काय करू शकत होती हे आपण पाहिलंय. आपण तिला तेवढं मोठं मानतो म्हणूनच हे पुस्तक खुपतं.

अर्धविराम

'एंडलेस नाइट'बद्दल शब्दशः सहमत.

एक तपशील राहतोय, आणि पानगळ यांच्या पहिल्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. 'पोस्टर्न' ही तिने लिहिलेली शेवटची कादंबरी, छापून आलेली शेवटची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बॉम्ब पडत असताना, तिने दोन कादंबऱ्या लिहून तिजोरीत ठेवून दिल्या होत्या. प्वारोचा शेवट असलेली 'कर्टन' मुलीच्या नावे आणि मिस मार्पलची 'स्लीपिंग मर्डर' नवऱ्याच्या नावे. आपल्यामागे त्यांची सोय व्हावी म्हणून. 'पोस्टर्न'नंतर नवी कादंबरी आलीच नाही. १९७४ मध्ये प्वारोच्या जुन्या कथांचा संग्रह काढला आणि १९७५ मध्ये 'कर्टन' बाहेर आली. प्वारो गेल्याची बातमी ६ ऑगस्ट १९७५ च्या न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापली. १२ जानेवारी १९७६ ला ख्रिस्ती गेली, 'स्लीपिंग मर्डर' त्यानंतर आली.

म्हणजे सगळी पुस्तकं वाचायचा हट्ट असेल तर क्रम आपल्या हातात आहे. 'पोस्टर्न' आत्मचरित्राला लागून वाचा आणि 'कर्टन' सर्वांत शेवटी. तिथे ती ऐन भरात आहे, आणि निरोप कसा घ्यायचा हे तिने तीसेक वर्षं आधीच ठरवून ठेवलं होतं.

रद्दीप्रेमी

हा क्रम लिहून घेतला. 'कर्टन'ची प्रत कुणाकडे जास्तीची आहे का? माझी कुणीतरी नेली ती नेलीच. कॅम्पातलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान बंद झाल्यापासून अशी पुस्तकं हुडकायला कुठे जायचं तेच कळत नाही.

जुन्या_बाजारातून

माझ्याकडे दोन आहेत. एकीचं शेवटचं पान फाटलंय, ती देत नाही, घाबरू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रभात_रोडच्या_काकू

निशिगंध, आईला 'बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्स' वाचून दाखव. सुरुवातीचा वृद्धाश्रमाचा भाग वगळ, तो तिला त्रास देईल. पुढे टपेन्स आगगाडीतून पूर्वी दिसलेलं घर शोधत फिरते तो भाग छान आहे. आणि 'पार्टनर्स इन क्राइम'मधल्या कथा छोट्या आहेत, एका बैठकीत संपतात. माझ्याकडे आहे, घेऊन जा.

पानगळ

काकू, निशिगंध, अर्धविराम, सगळ्यांचे आभार. धागा काढताना इतकं हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

माझं मत आता असं आहे. भाचीला ख्रिस्तीची ओळख करून द्यायची झाली तर 'पोस्टर्न' मी देणार नाही, टेकडीवाल्यांचं माप मला पटतं. पण जिने टॉमी-टपेन्सची आधीची चारही पुस्तकं वाचलीत तिला देईन, सोबत आत्मचरित्राची अॅशफील्डची पानं देऊन. छापलं हे बरं झालं, निशिगंधच्या आईंसाठी तरी. प्रस्तावनेशिवाय छापलं हे मात्र चूकच, आणि नव्या आवृत्तीत ती घालायला अजूनही कुणाची आडकाठी नसावी.

शिसेखिळा, एक आग्रहाची विनंती. मुद्रितशोधनाच्या दिवसांवर वेगळा धागा काढा. समासातली प्रश्नचिन्हं कधी पुसली गेली आणि कधी टिकली, ते वाचायचंय.

शिसेखिळा

काढतो. टिकलेली जास्त आहेत. त्यातल्या दोन लेखकांनी तर पुढच्या हस्तलिखिताबरोबर स्वतःच पेन्सिल पाठवली होती.